व्हॉलीबॉल, वाचकांचे प्रश्न : पोलंडची लीग, रिसीव्ह आणि गुडघे

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, उंची ६ फूट १ इंच. प्रशिक्षक म्हणतात, "उंची आहे, रिसीव्ह (समोरची सर्व्हिस उचलणे) सोड, नेटवर स्मॅश मार." त्याला पोलंडच्या प्लसलिगा या अव्वल लीगमध्ये खेळायचे वेड लागले आहे. काय करावे?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : वेड चांगले आहे, पण प्रशिक्षकांचा सल्ला आम्हाला पटत नाही. ६ फूट १ इंच म्हणजे साधारण १८५ सेंटिमीटर. शाळेत तो सर्वांत उंच असेल, पण पोलंडच्या लीगमध्ये हीच उंची कमी ठरते. पोलंडचा नावाजलेला खेळाडू बार्तोश कुरेक २०५ सेंटिमीटरचा आहे. मुलगा १९० च्या आसपास थांबला, तर मधला ब्लॉकर (नेटच्या मध्यावर समोरचा स्मॅश अडवणारा) म्हणून त्याला तिथे कोणी उभे करणार नाही. मग उरतात सेटर (मारणाऱ्याला चेंडू उभा करून देणारा), लिबेरो (फक्त मागे बचाव करणारा) किंवा आउटसाइड (नेटच्या डाव्या बाजूने मारणारा), आणि आउटसाइडला रिसीव्ह टाळता येत नाही. २०१८ चे विश्वविजेतेपद जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार मिखाऊ कुबियाक १९० च्या आसपासचाच. तो संघात होता तो रिसीव्ह, बचाव आणि डोके वापरून मारलेल्या चेंडूंमुळे.

पोलंडमध्ये निवडक मुलांसाठी स्पावा येथे महासंघाची निवासी क्रीडाशाळा आहे. तिचा संघ मोठ्यांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्येही खेळलेला आहे. म्हणजे ज्या वयात आपली मुले शालेय स्पर्धांपुरती खेळतात, त्या वयात तिथे पोरांना पंचविशीतल्या गड्यांच्या सर्व्हिस झेलाव्या लागतात.

घरच्या मैदानावर हे करा : सर्व्हिस नेटपासून ६-७ मीटरवरून सुरू करा, मग ९ मीटरवर न्या; मुलाने ती उचलून सेटरकडे द्यायची. २० चेंडूंचे ४ गट. उचललेला चेंडू नेटपासून एक मीटर मागे, सेटरच्या डोक्यावर पडला तर ३ गुण. सेटरला दोन-तीन पावले पळावे लागले तर २, नुसता वर राहिला तर १, गेला तर ०. गटात ४० गुण येईपर्यंत सर्व्हिसचा वेग वाढवू नका. बहुतेक मुले हात झटकतात, म्हणून चेंडू डोक्यावरून मागे जातो. पण खरे कारण बहुधा पायांत असते. पाय उशिरा पोचले की हात ताणावे लागतात, कोपर वाकते आणि हातांचा सपाट पृष्ठभाग मोडतो. चेंडूला स्पर्श होण्याआधी दोन्ही पाय थांबलेले हवेत.

प्रश्न : कुरेक आधी आउटसाइड होता, मग ऑपोझिट झाला. एवढ्या मोठ्या खेळाडूला जागा का बदलावी लागली?
– महाविद्यालयीन खेळाडू, शिवाजीनगर

उत्तर : ऑपोझिट सेटरच्या कर्णरेषेत उभा असतो आणि सहसा रिसीव्ह करत नाही. त्यामुळे त्याला धाव घ्यायला मोकळीक मिळते. आउटसाइडचे तसे नाही. समोरून १२० किलोमीटरच्या आसपास वेगाने आलेली सर्व्हिस अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात उचलायची, कधी गुडघ्यावर येऊन, आणि तिथून उठून पुन्हा आक्रमणाची धाव घ्यायची. कुरेकसारख्या उंच, जोरकस खेळाडूसाठी ऑपोझिटची जागा सोयीची पडली. पण ही जागा फुकटची नाही. रिसीव्ह फसला की उंच चेंडू त्यालाच येतो, समोर दोघांचा नाहीतर तिघांचा ब्लॉक. तिथे जोरापेक्षा ब्लॉकच्या बाहेरच्या हाताला घासून चेंडू मैदानाबाहेर काढणे जास्त कामाचे.

२०१४ च्या विश्वविजेतेपद स्पर्धेच्या संघातून कुरेकला वगळले होते. पोलंड त्याच्याशिवाय जिंकला. २०१८ मध्ये ऑपोझिट म्हणून तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गंमत म्हणजे त्याच डिसेंबरात त्याच्या श्चेचिन शहरातल्या क्लबने पैशाअभावी लीग सोडली आणि विश्वविजेत्याला हंगामाच्या मध्यावर वॉर्सात नवा क्लब गाठावा लागला. पुढे तो जपानला गेला.

प्रश्न : भारतीय खेळाडूला तिकडे युरोपात खेळता येते का?
– वडगाव शेरी

उत्तर : येते. भारताचे व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज १९८० च्या दशकात इटलीत खेळत होते. आज मात्र आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्राशिवाय अधिकृत सामना खेळता येत नाही. त्यासाठी दोन्ही देशांच्या महासंघांची मंजुरी लागते, शुल्क भरावे लागते, आणि हे प्रमाणपत्र ठराविक मुदतीचे असते. करारावर सही करण्याआधी हे शुल्क, घर, विमा आणि दुखापतीच्या काळातला पगार कोण देणार, ते लिहून घ्या. एजंटचे तोंडी बोलणे धरू नका. श्चेचिनचे काय झाले ते वर वाचलेच असेल.

प्रश्न : उडी मारली की गुडघ्याच्या वाटीखाली दुखते.
– १६ वर्षांचा खेळाडू, हडपसर

उत्तर : आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा. वाढीच्या वयात वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा दुखरा उंचवटा आला असेल, तर उड्या कमी करणे हाच पहिला इलाज. दुखणे स्नायूबंधाचे निघाले तर फिजिओथेरपिस्टला विचारून भिंतीला पाठ टेकवून बैठक धरा : ४५ सेकंद, ५ वेळा, मध्ये दोन मिनिटे थांबून. आणि सिमेंटच्या कोर्टवर उड्यांचा सराव करू नका. माती किंवा लाकडी कोर्ट मिळेल त्या दिवशीच उड्या, बाकी दिवस रिसीव्ह.