ताजं नव्हे, गोडं. आणि मला विचाराल तर अळणी

प्रश्न असा आला आहे : 'ध्रुवीय महासागरात ताजे पाणी मिसळल्याने सागरी प्रवाह मंदावतात' असं बातमीत वाचलं. इथे 'ताजे' बरोबर की 'गोडे'?

'गोडे'. यात विचारण्यासारखं काही नाही, पण इंग्रजी 'फ्रेश वॉटर'चं हे शब्दशः 'ताजे' वाचून वाचून माझं डोकं उठलं आहे. ताजी मेथी असते, ताजं दूध असतं. ग्रीनलंडच्या हिमस्तराच्या तळाशी लाखभर वर्षांपूर्वी पडलेला बर्फ आहे. त्याचं पाणी ताजं, तर मग शिळं कशाला म्हणायचं? कोळणीकडे मासा ताजा असतो. पाणी खारं असतं नाहीतर गोडं.

एका परिभाषावाल्या मित्राचं म्हणणं, 'गोडे' अशास्त्रीय आहे, त्यात साखर कुठे? बाबा रे, गोडेतेलात तरी कुठे असते? जे खारट नाही, कडू नाही, ते मराठी माणसाला गोडच.

पण या विषयाला चपखल शब्द मुळात वेगळाच आहे : अळणी. अ + लवण. आता गंमत बघा. शब्दाच्या आरंभी 'ल' असला की मराठी त्याला हात लावत नाही, म्हणून लवणाचं लोण, त्यावरून लोणचं, आणि खाऱ्या सरोवराचं लोणारही (लवणासुराची कथा सांगणारे सांगोत). दोन स्वरांच्या मध्ये सापडला की मात्र त्याचा 'ळ' होतो : फल-फळ, काल-काळ. नुसता एक 'अ' पुढे लागला आणि 'ल' अलगद मध्ये आला, झालं अळणी! गुजरातेत मुली मीठ न खाता जे व्रत करतात त्या 'अळूणां'चं कूळही हेच. ही व्युत्पत्ती मी पंगतीत निदान दहा वेळा सांगितली असेल, विशेषतः आमटीत मीठ कमी असताना.

आणि समुद्रात सगळा खेळ मिठाचाच आहे. किलोभर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. अटलांटिकमधलं उबदार, खारं पाणी वरच्या थरातून उत्तरेला जातं, ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास गारठतं, जड होतं आणि तळाकडे बुडतं. मग खोलवरून दक्षिणेला परततं. युरोपच्या हिवाळ्याला ऊब मिळते त्यात या रहाटाचाही वाटा आहे. त्यावर वितळलेल्या बर्फाचं पाणी पसरलं की वरचा थर अळणी होतो, आणि अळणी पाणी हलकं, कितीही गारठलं तरी सहजी बुडत नाही. पेल्यात भरपूर मीठ विरघळवलेलं पाणी घ्या, त्यावर शाईचा थेंब टाकलेलं साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून हलकेच सोडा. निळा थर वरच तरंगत राहतो. ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या लॅब्राडोर समुद्रात १९६९ ते १९७१च्या हिवाळ्यांत हेच घडलं : आर्क्टिककडून अळणी पाण्याचा लोंढा आला आणि तिथलं खोलवरचं घुसळण जवळजवळ थांबलं.

त्याहून मोठा प्रकार सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीचा. उत्तर अमेरिकेत बर्फाच्या बांधामागे तुंबलेलं अगॅसिझ-ओजिब्वे सरोवर हडसन उपसागरातून फुटून समुद्रात गेलं. ग्रीनलंड दीडेकशे वर्षं गारठलं, आणि त्याच काळात आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊसही रोडावल्याची खूण ओमानमधल्या गुहांत थेंबाथेंबाने साचलेल्या चुनखडीत सापडते. मीठ कमी पडलं तिकडे आणि पाऊस कमी झाला इकडे. या शतकात हा अटलांटिकचा रहाट मंदावणार, याबद्दल आयपीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०२१च्या अहवालाला फारशी शंका नाही. २१००च्या आत तो एकाएकी बंद पडणार नाही असंही तो म्हणतो, पण मध्यम खात्रीने.

मित्र आता म्हणतो, समुद्राचं पाणी पूर्ण अळणी कुठे होतं, 'निमखारे' म्हण. अरे, पस्तिसातला एखादा ग्रॅम कमी झाला तर ते निम्मं कसं? आणि ज्या पाण्याला तो हा शब्द वापरतो, त्याला आमच्याकडे आधीपासून 'मचूळ' म्हणतात.

हां, तुमचा प्रश्न. बर्फाचं, नदीचं, पावसाचं ते गोडं पाणी. ते मिसळून समुद्राचं जे होतं ते अळणी होणं. संपादकांना 'अळणी' फारच स्वयंपाकघरी वाटलं, तर दोन्हीकडे 'गोडे' छापा.