युरोपातला क्लस्टरचा निधी उद्यमबागच्या लहान कारखान्यांना मिळतो का?

तुम्ही विचारलंय की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तुमच्यासह पाच-सहा जणांची मशीनिंगची युनिट्स आहेत, युरोपात क्लस्टरमार्फत, म्हणजे एका भागातल्या एकाच धंद्यातल्या उद्योगांच्या गटामार्फत, लहान उद्योगांना परदेशी सहकार्यासाठी पैसे मिळतात असं वाचनात आलं, तर ते आपल्याला मिळतील का आणि अर्ज कुठे करायचा. मी बेळगावजवळच्या मच्छेत पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाचे साचे पाडायला लागणारे नमुने, बनवतो, शिवाय आमच्या गटाच्या निर्यातीची कागदपत्रं बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो पैसा तुमच्या खात्यात जमा होणार नाही, हे आधी सांगून टाकतो. युरोपियन कमिशनने २०२२ मध्ये ३० 'युरोक्लस्टर' सुरू केले. निधी आधी क्लस्टर संस्थांच्या गटाला मिळतो आणि त्यातला मोठा वाटा त्या संस्था आपल्या भागातल्या लहान कंपन्यांना छोट्या छोट्या अनुदानांच्या रूपात देतात: नवीन प्रक्रिया बसवायला, माणसं शिकवायला, बाहेरच्या देशात बाजार शोधायला. हे अनुदान तिथल्या कंपन्यांसाठी आहे. होरायझन युरोप या युरोपियन युनियनच्या संशोधन कार्यक्रमात भारतीय कंपनीला भागीदार होता येतं, पण खर्चाचा पैसा आपोआप मिळत नाही, बहुतेक वेळा तो इथूनच उभा करावा लागतो.

तरीही हा निधी आपल्या उपयोगाचा आहे. इटलीतल्या एखाद्या पंप बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला बेळगावला येऊन फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) बघायची असेल, सॅम्पल मागवून तपासायचं असेल, तर त्याचा खर्च त्याचं क्लस्टर उचलू शकतं. त्यांच्या बाजूचा खर्च त्यांच्याकडून, आपल्या बाजूचा आपल्याकडून, अशीच ही व्यवस्था चालते. म्हणून एकेका गिऱ्हाइकाला ईमेल पाठवत बसण्यापेक्षा तिथल्या क्लस्टर संस्थेला लिहा. सभासदांना जोडीदार मिळवून देणं हे त्यांचं कामच आहे.

आता आपल्या बाजूचे पैसे. केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची 'इंटरनॅशनल को-ऑपरेशन' योजना आहे. परदेशी प्रदर्शनाचं विमानभाडं, स्टॉलचं भाडं वगैरे त्यातून मिळतं. पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्यांना नोंदणीची फी, निर्यात विम्याचा हप्ता आणि चाचणी-प्रमाणपत्राचा काही खर्चही मिळतो. प्रदर्शनासाठी अर्ज उद्योजकांच्या संघटनेमार्फत जातो, आणि पैसे आधी खिशातून घालून नंतर परत मिळतात. बिल, बोर्डिंग पास, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), सगळं नीट लागतं. ज्यांचं पेमेंट आधीच नव्वद नव्वद दिवस अडकलेलं असतं, त्यांना आगाऊ रक्कम घालणं किती जड जातं ते मी रोज बघतो. त्यामुळे गटाने दरमहा थोडी वर्गणी काढून वेगळ्या खात्यात ठेवावी. भिशी चालवतो तसंच, फक्त हिशेब सीएने तपासलेला हवा.

मोठं काम काढायचं असेल तर सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर विकास कार्यक्रम आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे सामायिक सुविधा केंद्राच्या (सगळ्या सभासदांनी मिळून वापरायची लॅब, मशीन वगैरे) ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला केंद्र ७० टक्के आणि १० ते ३० कोटींच्या प्रकल्पाला ६० टक्के देतं. उरलेली रक्कम राज्य आणि सभासदांनी उभी करायची. पाच-सहा जणांवर हे भागत नाही आणि त्यासाठी वेगळी कंपनीही काढावी लागते. पण बेळगावला हे नवीन नाही. उद्यमबागेतलं फाउंड्री क्लस्टर केंद्राच्याच योजनेतून उभं राहिलं. स्वतःची लॅब उभारण्याआधी तिथे काय करून मिळतं, काय दराने मिळतं, ते जाऊन विचारा. जर्मनीबरोबर खरंखुरं संशोधन करायचं असेल तर इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटरची 'टू प्लस टू' पद्धत आहे: दोन्ही देशांतली एकेक कंपनी आणि एकेक संशोधन संस्था. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, व्हीटीयू हे तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तेव्हा संस्थेची बाजू अवघड नाही.

पैशापेक्षा जास्त अडतं ते जबाबदारीवर. समजा, पंपाच्या हाउसिंगची ऑर्डर गटाने घेतली. ओतकाम मच्छेत, मशीनिंग तुमच्याकडे, पेंटिंग तिसरीकडे. प्रत्येक कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या नगावर, हीट नंबर (भट्टीतून एका वेळी काढलेल्या धातूचा क्रमांक) उठवलेला असतो आणि धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या स्पेक्ट्रो रिपोर्टवरही तोच असतो. फेटलिंग करताना, म्हणजे नगावरचा जादा धातू घासून काढताना, ग्राइंडर जरा जास्त फिरला आणि दोन-चार नगांवरचा नंबर पुसला गेला, तर ते नग कुठल्या हीटचे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तेवढ्यासाठी अख्खा लॉट अडकतो. परदेशी गिऱ्हाईक पहिल्या बैठकीत हेच विचारतं की नग खराब निघाला तर तुमच्या पाच जणांपैकी पैसे कोण भरणार. यावर गटाकडे लेखी, सह्यांचं उत्तर हवं. इटलीत २००९ पासून यासाठी 'नेटवर्क करार' कायद्यातच आहे: कंपन्या वेगळ्याच राहतात, ठरलेल्या कामापुरता एक सामायिक कार्यक्रम करतात आणि कोणी काय करायचं ते करारात लिहितात. आपण साध्या भागीदारी करारात किंवा लहान प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तीच कलमं घालू शकतो. दर, रिजेक्शन आणि भांडण झालं तर निवाडा कोण करणार, ही तीन कलमं वकिलाकडून पक्की करून घ्या.

गट असला की बाहेरचा माणूस कसा बोलायला येतो, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणीकडचे कारागीर त्यात आले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, कारागिरांचं नाव न घेता. ओरड झाली. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार केला: २,००० जोड भारतात बनवायचे आणि कारागिरांना प्रशिक्षण द्यायचं. अथणीचा एकटा कारागीर मिलानला पत्र लिहून थकला असता. मानांकन सामायिक होतं, म्हणून कंपनीला कुणाशी बोलायचं ते कळलं. नफा कारागिराच्या घरात किती पोचतो ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

हेच आपल्या लोखंडाच्या धंद्यात का होत नाही, याची मला खरंच खंत वाटते. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्र्या आणि बेळगावच्या फाउंड्र्या एकाच महामार्गावर, दोन-अडीच तासांच्या अंतरावर. कामगार, पॅटर्नवाले, गिऱ्हाइकं, भाषा, सगळं ओळखीचं. पण अनुदानाचा प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो, त्यामुळे निपाणीच्या पुढे महाराष्ट्रात गेलं की फाईल वेगळी. अनुदानासाठी दोन कंपन्या ठेवाव्या लागल्या तरी प्रदर्शनाचा स्टॉल, कॅटलॉग आणि निर्यातीच्या दराचं धोरण एकत्र करायला कुणाची आडकाठी नाही. परदेशी खरेदीदाराला अमुक टन कास्टिंग वेळेवर हवं असतं, ते सीमेच्या कुठल्या बाजूला ओतलं याचं त्याला घेणंदेणं नसतं.

फाउंड्रीचं मोठं प्रदर्शन जीफा जर्मनीत डुसेलडॉर्फला दर चार वर्षांनी भरतं. मागचं २०२३ ला झालं, पुढचं २०२७ मध्ये आहे. योजनेतून जायचं तर संघटनेचा प्रस्ताव कित्येक महिने आधी तयार लागतो. म्हणून पाच जणांची उद्यम प्रमाणपत्रं, मशीनची यादी आणि प्रत्येकाच्या एका चांगल्या नगाचा तपासणी अहवाल आत्ताच एका फाईलमध्ये लावा, आणि तीच फाईल घेऊन तुमच्या संघटनेच्या सेक्रेटरींना भेटा.