गाडीत कोणी त्रास दिला तर? तुमचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

प्रश्न : पुण्याहून नागपूरला स्लीपरने चाललो होतो. समोरचे चौघं प्यायलेले, शिवीगाळ, आरडाओरडा. बोललो तर अंगावर आले. काय करता आलं असतं? (कोथरूड)

उत्तर : हात उचलला नाहीत हे बरं केलंत, नाहीतर पोलिसांना दोन्ही पार्ट्या सारख्याच दिसतात आणि मग माझ्यासारख्याला फी द्यावी लागते. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४५ याच्यासाठीच आहे. दारू, नशा, अश्लील वागणं, शिव्या, दुसऱ्याला उपद्रव, सगळं त्यात येतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड, तिकीट किंवा पास जप्त, आणि रेल्वे कर्मचारी त्याला गाडीतून उतरवूही शकतो. कर्मचारी हां, तुम्ही नाही. तुम्ही टीसीला सांगायचं, नाही सापडला (बऱ्याचदा नाहीच सापडत) तर १३९ लावायचा किंवा रेलमदद अ‍ॅपवर टाकायचं. फोनवर लोक आधी भांडण कसं सुरू झालं ते सगळं रामायण सांगतात, "दौंड गेलं बहुतेक" म्हणतात आणि तेवढ्यात रेंज जाते. आधी गाडी नंबर, डबा, बर्थ आणि पुढचा थांबा सांगा, कारण पोलीस तिथंच चढणार.

प्रश्न : मग एफआयआर करायला मधेच उतरायचं का? (तेच वाचक)

उत्तर : नाही हो. नुसता गोंधळ असेल तर आरपीएफ, म्हणजे रेल्वेचं स्वतःचं दल, बघू शकतं. मारहाण, चोरी, छेडछाड झाली की तो विषय लोहमार्ग पोलिसांचा, आणि ते राज्य सरकारचे. घटना कुठल्या हद्दीत झाली यावरून कोणी तुम्हाला परत पाठवत असेल तर झीरो एफआयआर म्हणा, गुन्हा नोंदवून ते पुढे त्या ठाण्याकडे पाठवतात.

प्रश्न : सकाळी मुंबईच्या गाडीत शिवाजीनगरला जनरलमध्ये चढलो, तर दारातच "हा आमचा ग्रुप आहे, पुढच्या डब्यात जा". आत सीटवर रुमाल. हे कायद्यात बसतं? (चिंचवड)

उत्तर : दार अडवणं नाही बसत. जो डबा तुमच्यासाठी राखीव नाही त्यात दुसऱ्याला चढू दिलं नाही तर कलम १५५ मध्ये २०० रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्याच्या रिझर्व्ह सीटवर बसून, टीसीने सांगूनही उठला नाही तर ५०० पर्यंत. रुमालाचं मात्र कायद्यात नावच नाही, तो बाजूला करून बसलात तर गुन्हा नाही, पुढचा तीनेक तासांचा टोमणेवर्षाव तेवढा सोसायची तयारी ठेवा. फक्त डबा पासधारकांचा नाही ना, हे चढतानाच बघून घ्या, कारण तसा असेल तर चूक तुमचीच.

प्रश्न : मिस्टर पाणी आणायला उतरले आणि गाडी सुटली. साखळी ओढली तर खरंच जेल होते? (हडपसर)

उत्तर : कलम १४१. सबळ कारणाशिवाय ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या वेळी निदान ५०० दंड आणि पुन्हा केलं तर निदान तीन महिने आत. कारण सबळ होतं की नाही ते शेवटी कोर्ट ठरवतं. लहान मूल किंवा आजारी म्हातारं माणूस फलाटावर राहिलं असेल तर मांडायला मुद्दा असतो, धडधाकट नवरा बाटली घेऊन राहिला तर अवघड आहे. माझा एक अशील तर जेवणाचा डबा बाकावर राहिला म्हणून ओढून बसला होता, त्याच्यासाठी काय बोलू मी? साखळी ओढली की ब्रेकच्या पाइपातली हवा निघून जाते, गाडी थांबते, मग गार्ड त्या डब्यापर्यंत चालत येतो, साखळी जागेवर बसवतो आणि तोवर मागच्या गाड्या रखडतात. त्यापेक्षा मिस्टरांना फोन करा, मागच्या गाडीने येऊ देत.

प्रश्न : रात्री मोबाइलवर मोठ्याने रील्स, वर लाइट चालू. किती वाजेपर्यंत सहन करायचं? (तळेगाव)

उत्तर : दहापर्यंत. त्यानंतर मोठा आवाज नाही, नाइट लॅम्प सोडून लाइट बंद, हा रेल्वेचाच नियम आहे. मिडल बर्थही दहा ते सहाच उघडायचा. नऊलाच बर्थ उघडून खालच्याला मान वाकवून बसवणारे असतात, त्यांनाही हेच ऐकवा. ऐकलं नाही तर टीसी, नाहीतर १३९.