मुलासाठी लाकडी टेबल करताना
टेबलाची उंची बाजारातील नमुन्यावरून ठरवू नका. मुलाला पावले जमिनीला टेकतील असे बसवून त्याच्या कोपराची उंची मोजा, सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ती साधारण 50 सेंटीमीटरच्या आसपास भरते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून सागवान घेणार असाल, तर फळी नीट वाळलेली आहे याची खात्री करून घ्या. पुण्यातील कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा यांमुळे लाकूड रुंदीच्या दिशेने आकसते व फुगते. म्हणून वरची फळी चौकटीला फेविकॉलने कायमची न चिकटवता आडपट्टीतील लांबट भोकांतून स्क्रूने बसवा, अन्यथा ती तडकण्याचा संभव असतो. प्लायवूडला ही अडचण फारशी नाही, पण कडांना लाकडी पट्टी लावावी लागते. कोपरे गोल करा. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत टेबल गॅलरीतच ठेवा, मुलाने कितीही हट्ट केला तरी.