दोन पर्याय उरतात तेव्हा

प्रश्न : मी बारावीत असून राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेशासाठी क्लॅटची तयारी करत आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. तर्कक्षमतेच्या प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय मला सहज बाद करता येतात, पण उरलेल्या दोनांतून मी बहुतेक वेळा चुकीचाच निवडते. इंग्रजी उतारा मनातल्या मनात मराठीत आणण्याची सवय याला कारणीभूत असेल का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमच्या अडचणीचे मूळ भाषेत आहे असे मला वाटत नाही. शेवटच्या दोन पर्यायांत चूक होते ती बहुधा उताऱ्यात नसलेली, पण आपल्याला पटलेली गोष्ट आपण उत्तरात मिसळतो म्हणून. एक उदाहरण घेऊ. समजा, उताऱ्यात म्हटले आहे की एका रस्त्यावर गतिरोधक बसवल्यानंतरच्या वर्षी तेथील अपघात निम्म्यावर आले, म्हणून गतिरोधकांमुळेच अपघात कमी झाले. आणि या युक्तिवादामागचे गृहीतक विचारले आहे. तुमच्यापुढे दोन पर्याय उरतात : ‘सर्व अपघात अतिवेगामुळे होतात’ आणि ‘त्या वर्षी रस्त्यावरची वाहतूक फारशी घटली नव्हती’. पहिला पर्याय विषयाला धरून वाटतो आणि आपल्या अनुभवाशीही जुळतो, म्हणून हात तिकडे जातो.

अशा वेळी प्रत्येक पर्याय उलटा करून पाहावा. काही अपघात अतिवेगामुळे होत नाहीत असे मानले, तरी गतिरोधकांमुळे बाकीचे अपघात टळले असू शकतात, म्हणजे युक्तिवाद तगून राहतो. मात्र शेजारून नवा बाह्यवळण रस्ता निघाल्यामुळे वाहतूकच निम्मी झाली होती असे मानले, तर निष्कर्षाचा आधारच जातो. ज्याचा नकार युक्तिवादाला पेलवत नाही, तेच त्याचे गृहीतक असते. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’ अशा शब्दांनी भारलेला पर्याय गृहीतकाच्या प्रश्नात दिसला, तर ही कसोटी अवश्य लावावी, कारण युक्तिवादाला बहुधा इतक्या मोठ्या दाव्याची गरजच नसते.

आता मराठीविषयी. मनात मराठी येते याचा संकोच बाळगू नका; एका ठिकाणी तर तिचा उपयोगच होतो. इंग्रजीतील ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांतला फरक घाईत वाचताना नजरेतून निसटतो, पण मराठीत ‘तर’ आणि ‘तरच’ कानाला वेगळे लागतात. ‘समितीने मंजुरी दिली तर पूल होईल’ या वाक्यात मंजुरी पुरेशी आहे. ‘मंजुरी दिली तरच पूल होईल’ या वाक्यात ती आवश्यक आहे. दुसऱ्या वाक्यावरून, पूल झाला असेल तर मंजुरी मिळाली होती असे खात्रीने म्हणता येते, मात्र मंजुरी मिळाली म्हणजे पूल होईलच असे म्हणता येत नाही, आणि पर्यायांतला सापळा नेमका इथेच असतो. ‘अनलेस’ आले की ‘मंजुरी मिळाल्याशिवाय पूल होणार नाही’ अशी रचना मनात आणावी. संपूर्ण उताऱ्याचे भाषांतर मात्र करू नये, कारण १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असताना तेवढा वेळ हाती नसतो. निष्कर्षाचे वाक्य आणि त्याला जोडणारे शब्द एवढेच मराठीत तोलावेत.

गुणांचा हिशेबही सांगतो. बरोबर उत्तराला १ गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण वजा होतो. दोन पर्याय खरोखर बाद झाले असतील, तर उरलेल्यांपैकी एक निवडण्यात सरासरी ०.३७५ गुणाचा फायदाच आहे, तेव्हा असा प्रश्न कोरा सोडू नये.

सरावाच्या वहीत चुकलेल्या प्रश्नापुढे फक्त योग्य उत्तराचे अक्षर लिहून थांबू नका. तुम्ही निवडलेला पर्याय उताऱ्यातील कोणत्या वाक्यावर टेकवला होता ते वाक्य उतरवून काढा. असे वाक्यच सापडले नाही, तर तो आधार तुम्ही आपल्या मनातून आणला होता हे लगेच कळेल.