हेलिकॉप्टर हवेत थांबलं तर खालून पृथ्वी का सरकत नाही?

प्रश्न असा आहे: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर हेलिकॉप्टर तासभर एका जागी तरंगत ठेवल्यावर खाली दुसरंच गाव यायला हवं. ते येत नाही, म्हणजे वातावरणही सोबत फिरतं का? फिरत असेल तर त्याला ओढतं कोण?

फिरतं. पण ‘ओढतं कोण’ इथे गफलत आहे. हेलिकॉप्टर उडण्याआधीच जमिनीबरोबर पूर्वेकडे धावत असतं, विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने. जमीन सोडली म्हणून तो वेग कुठे जात नाही. तो काढून घ्यायचा तर उलटा जोर लावावा लागेल. हवेचंही तेच. ती पृथ्वीच्या जन्मकाळापासून याच फिरण्यात सामील आहे.

शंका मात्र जुनी आणि भारदस्त आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये नावेचा दृष्टान्त दिला: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यावर वराहमिहिराचा आक्षेप असा, की पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेले पक्षी घरट्याकडे परतू शकले नसते. टॉलेमी या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञानेही ढग आणि पक्ष्यांबद्दल हेच म्हटलं होतं. मला हा आक्षेप अजिबात बाळबोध वाटत नाही. हवा खरोखर स्थिर असती तर विषुववृत्तावर कायम ताशी १,६७० किमीचा पूर्वेचा वारा लागला असता. आजवर मोजलेला चक्रीवादळातला सर्वांत जोरदार झोत ४०८ किमीचा आहे, १९९६ सालचा, ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावरचा. पक्षी सोडा, झाडं उरली नसती.

प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर १४ ऑक्टोबर २०१२ ची, पॅराशूटने उड्या मारणाऱ्या फेलिक्स बॉमगार्टनरची उडी बघा. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलहून फुग्याने तो सुमारे अडीच तासांत ३९ किमी उंचीवर गेला. तेवढ्या वेळात तिथली जमीन साडेतीन हजार किमीच्या आसपास फिरली. उडी मारून तो उतरला न्यू मेक्सिकोतच.

मग घर्षणाचं काम काय? जमीन आणि हवा यांच्या वेगात फरक पडला की तो मिटवत राहणं. फरक सतत पडतो, कारण हवा उत्तर-दक्षिण सरकते आणि प्रत्येक अक्षांशावर जमिनीचा वेग वेगळा असतो. ३० अंशावर तो ताशी सुमारे १,४४५ किमी. तिथली हवा तोच वेग घेऊन विषुववृत्तावर पोहोचली, तर जमिनीच्या मानाने सव्वादोनशे किमीने मागे पडेल, म्हणजे पूर्वेकडून तेवढा वारा सुटेल. (कोनीय संवेगाचा, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूतल्या फिरण्याच्या जोमाचा, काटेकोर हिशेब केला तर याहून बराच जास्त.) प्रत्यक्षात विषुववृत्ताकडे पूर्वेकडून वाहणारे हे वारे, म्हणजे व्यापारी वारे, ताशी वीस-तीस किमीचे असतात. बाकीचा फरक वाटेतल्या जमिनीने आणि समुद्राने घासून घासून भरून काढलेला असतो. जॉर्ज हॅडलीने हे १७३५ मध्येच लिहून ठेवलंय. थोडक्यात, आपण ज्याला वारा म्हणतो तो हा न मिटलेला फरक.

आणि ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. पश्चिमी वारे जोरात असले की हवेकडे जास्त कोनीय संवेग जातो, तेवढा घन पृथ्वीकडचा कमी होतो आणि दिवस मिलिसेकंदाच्या आसपास लांबतो. तो मोजताही येतो.

‘मग पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर का पोहोचत नाही?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. विमान हवेच्या मानाने उडतं आणि हवा जमिनीबरोबर असते, म्हणून परिवलनाचा थेट फायदा शून्य. लंडन-न्यूयॉर्कसारख्या मार्गावर पूर्वेकडचा प्रवास उलट लवकर होतो, कारण पाठीशी जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा, असतो.

हवेचा वेग जमिनीशी जुळलाच पाहिजे असा काही नियम नाही, हेही लक्षात ठेवा. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला २४३ दिवस लागतात, पण त्याच्या ढगांच्या माथ्यावरची हवा जेमतेम चार दिवसांत पूर्ण चक्कर मारते. तिथे ‘हवा मागे का राहत नाही’ हा प्रश्नच नाही. ती जमिनीच्या इतकी पुढे कशी पळते, हा आहे. सूर्याच्या उष्णतेने वातावरणात उठणाऱ्या लाटा तिला रेटतात, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.