अपंगांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था सुरुवातीला कशा उभ्या राहिल्या? आधी जागा की आधी नोंदणी?

तुम्ही लिहिलंय, वडिलांच्या स्मरणार्थ अपंगांसाठी संस्था काढायची आहे, चार गुंठे जागा हाताशी आहे आणि जुन्या संस्थांनी पहिल्या दोन-तीन वर्षांत काय केलं ते हवंय. ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ आणि ‘जागा’ हे दोन्ही एकाच वाक्यात वाचलं आणि लिहायला बसले.

मी इचलकरंजीची. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, डावा पाय गेला. शाळा, कॉलेज आणि बँकेतली 31 वर्षांची नोकरी कॅलिपरवर, म्हणजे पायाला बांधायच्या लोखंडी आधारावर केली. मी अपंगच म्हणते. ‘दिव्यांग’ सर्टिफिकेटवर असू दे, बोलताना मला साधा शब्द पुरतो.

आधी तुमच्या प्रश्नाला धरून. या बाबतीत जगात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते अमेरिकेतल्या बर्कलीच्या, अपंगांनीच चालवलेल्या ‘सेंटर फॉर इंडिपेन्डंट लिव्हिंग’चं. मुलीकडे गेले होते तेव्हा मी ती जागा मुद्दाम पाहून आले. ॲशबी स्टेशनला लागून मोठी इमारत आहे, आत शिरलं की लाल रंगाचा उतार गोल फिरत वरच्या मजल्यावर जातो. मी कठड्याला हात न लावता वर गेले. कुठे थांबावं लागलं नाही, कुणी हात धरायला पुढे आलं नाही. वर पोचल्यावर मला रडू आलं. पण लक्षात घ्या, संस्था 1972 ची आणि ही इमारत 2010 ची. मधली 38 वर्षं त्यांनी भाड्याच्या जागांत काढली, सुरुवात तर एका छोट्या फ्लॅटमध्ये झाली.

इमारतीला ज्याचं नाव आहे त्या एड रॉबर्ट्सला 1953 मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ काही हलत नव्हतं. रात्री श्वास चालू ठेवणाऱ्या लोखंडी नळकांड्यात झोपावं लागे. शाळेने पदविका, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, अडवली, कारण काय तर कवायत आणि ड्रायव्हिंग हे विषय झाले नव्हते. आई शाळा मंडळाशी भांडली तेव्हा ती मिळाली. राज्याच्या पुनर्वसन खात्याने ‘हा कधी नोकरी करू शकणार नाही’ म्हणून शिक्षणाचा खर्च नाकारला, तोही भांडूनच मिळवावा लागला. 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने घेतलं, पण ते यंत्र वसतिगृहात बसेना, म्हणून कॉवेल नावाच्या विद्यापीठाच्या इस्पितळात खोली दिली. पुढच्या वर्षी जॉन हेसलर हा दुसरा अपंग विद्यार्थी आला, मग तशी आणखी मुलं आली. दशक संपेपर्यंत तिथे डझनभर झाली. रात्री बसून ती बोलायची कशावर, तर खुर्ची कुठे अडली, मदतनीस का आला नाही, कुठल्या फुटपाथवरून खाली उतरता येत नाही.

1970 मध्ये त्यांनी सरकारी अनुदान मिळवून विद्यापीठातल्या अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यातली मुख्य कामं ऐका: मदतनिसांची यादी ठेवणं, चाकाची खुर्ची आत जाईल अशी भाड्याची घरं शोधणं आणि खुर्च्यांची दुरुस्ती. त्या काळच्या विजेच्या खुर्च्या घरात फिरण्यापुरत्या बनवलेल्या. ही पोरं त्या चढउतारांवर पळवायची, त्यामुळे त्या सारख्या बंद पडायच्या. खुर्ची बंद म्हणजे माणूस बंद. मग गावातले, विद्यापीठाशी संबंध नसलेले लोकही दारात येऊ लागले आणि त्यांच्यासाठी 1972 मध्ये वेगळी संस्था झाली. म्हणजे आधी दुरुस्ती, मग माणसं, मग नोंदणी.

हे वाचलं तेव्हा मला आमची यंत्रमागांची शेड आठवली.

1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. मी दहावीत. आमच्या गावातही एका सेवाभावी मंडळाने मंगल कार्यालयात शिबिर घेतलं. सकाळी नऊला बोलावलं, पाहुणे दुपारी एकला आले. तोवर आम्ही चाळीसेक पोरं सतरंजीवर. मुतारी मागच्या अंगणात, सहा पायऱ्या उतरून. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, कारण मला अनुभव होता. कॅलिपर आधीच बनवून आणलेले, मापं कुणाचीच घेतलेली नव्हती. माझ्या हातात दिला तो दोन बोटं लांब. मी तसं सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, “बाळ, आधी फोटो होऊ दे.”

दादा माझ्याबरोबर होता. तो म्हणाला, “फुकट मिळालंय, कुरकुर करू नको.” तेव्हापासून आमचं भांडण आहे.

पावसाळ्यात त्या कॅलिपरचा गुडघ्याचा रिवेट झिजला. उभं राहिल्यावर लॉकची कडी खाली सरकून घट्ट बसायला हवी, ती निसटायला लागली. शाळेच्या जिन्यात पडले, हनुवटीला तीन टाके. मंडळाकडे गेलो तर म्हणाले, दुरुस्ती आमच्याकडे नसते, पुढच्या शिबिराला या.

आमचे आठ माग होते. ते दुरुस्त करणारे जॉबरकाका माझा पाय बघून काही बोलले नाहीत. कॅलिपर काढून घेतला, बाकावर ठेवला, लॉक चार वेळा वरखाली केलं. मग रिवेट छिन्नीने उडवला, मागाचा जुना बोल्ट कापून बसवला, दोन्ही पट्ट्या दोन बोटं कमी केल्या. मांडीचा पट्टा कुजला होता, त्या जागी मागावर धोटा फेकणाऱ्या पट्ट्याचं जाड चामडं शिवलं. ते चामडं धोट्याचे फटके सोसायला केलेलं असतं. माझा तो पट्टा बी.कॉम.पर्यंत टिकला. काम झाल्यावर म्हणाले, “चालून दाखव. आता कुठं टोचतंय?” तोवर हा प्रश्न मला डॉक्टरांनीसुद्धा विचारला नव्हता.

मी वर्गातल्या एका मुलाला सांगितलं, त्याने आणखी दोघांना. वर्षभरात सुट्टीच्या दिवशी आमच्या शेडच्या पायरीवर पाच-सहा जण बसलेले असायचे. काकांचं काम चाललेलं असताना आम्ही बोलायचो. एसटीचा पास कुणाकडे मिळतो, कुठल्या कॉलेजात वर्ग तळमजल्यावर आहेत, केंद्र सरकारच्या खालच्या पदांत 3% राखीव जागा आहेत. बँकेच्या परीक्षेचा अर्ज मी त्याच पायरीवर भरला. ही संस्थाच होती. नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं, एवढंच.

कोल्हापूरची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच असेल. नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या झाल्या. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले, तिथून त्या उठून उभ्या राहिल्या असं मी म्हणते आणि शब्द जपून वापरते. अबकारी खात्यातली नोकरी सांभाळत त्यांनी काम उभारलं, 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू झाली. वसतिगृह, शाळा, पुढे सिंधुदुर्गात काजूचा उद्योग. बर्कली आणि कोल्हापूर यांत साम्य एकच: चालवणारं माणूस खुर्चीत बसलेलं होतं. अमेरिकेत तर पुढे कायद्यानेच ठरलं की अशा केंद्राच्या मंडळावर निम्म्याहून अधिक अपंग हवेत. आणि रॉबर्ट्सला ज्या खात्याने नाकारलं होतं, 1975 मध्ये तो त्याच खात्याचा संचालक झाला.

आता दादा. वडील गेल्यावर त्याने त्यांच्या नावाने ट्रस्ट काढला. सात विश्वस्त, सातही धडधाकट. मला ‘मार्गदर्शक’ केलं. हॉल बांधला, जोतं उंच धरलं, सात पायऱ्या. मी नकाशा बघतानाच म्हटलं होतं, उतार काढा. उत्तर मिळालं, दर्शनी बाजू बिघडते, मागून काढू. उद्घाटनाला मला दोघांनी उचलून वर नेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी राजीनामा दिला. दादाला वाटतं मी त्याच्या कामाची किंमत केली नाही. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते: आण्णांच्या नावाने त्या शेडमध्ये एक बाक, एक ड्रिल मशीन आणि पगारी कारागीर ठेवला असतास, तर आज पंचक्रोशीतली माणसं तिथे आली असती. हॉल लग्नांना जातो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जागेला हात लावू नका. आधी तालुक्यातल्या पंधरा-वीस अपंगांच्या घरी जा आणि त्यांचं काय मोडलंय ते विचारा. कॅलिपर, खुर्ची, तीनचाकी, श्रवणयंत्र, यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) अडलेलं, काहीही असेल. त्यातलं एक काम धरा. त्यांच्यातलेच चौघं विश्वस्त घ्या. मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या हे तुमचा सीए करून देईल. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याखालची वेगळी नोंदणी मात्र विसरू नका.

एक-दोन गोष्टी राहिल्या. इमारत कधीच नको असं नाही. खेड्यातल्या मुलींना शिकायला राहायची सोय लागते, कोल्हापूरचं वसतिगृह त्यासाठीच आहे. बर्कलीला सरकारी अनुदान मिळालं, आपल्याकडे ते वेळेवर येईल असं धरून चालू नका. मतिमंद किंवा अंध मुलांच्या कामाचं मी बोलत नाही, ते वेगळं शास्त्र आहे. आणि माझ्या कॉलेजची तिन्ही वर्षांची फी दादानेच भरली होती, स्वतःचं शिक्षण सोडून मागावर बसून. हेही इथे लिहायला हवं.

जॉबरकाका 2003 मध्ये गेले. त्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे: रिवेट, वॉशर, दोन कड्या, चामड्याचे तुकडे, आणि एका मुलाच्या पायाचं माप लिहिलेली सिगारेटच्या पाकिटाची पुठ्ठी. तुमच्या गावात कॅलिपर दुरुस्त कोण करतं, ते शोधून इथेच कळवा. कुणीच नसेल तर तेही लिहा.